जुन्या मोटारीचा धूर व ठिणगीची वेळ

आमच्या घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, म्हणून आम्हां ढोकीकरांस तिजविषयीं थोडी शेजारची ममता. गतवर्षीं पुनर्नोंदणीकरितां धूर-तपासणीचा, म्हणजे पी. यू. सी. चा, दाखला घेणें प्राप्त झालें. इतक्या जुन्या पेट्रोल चारचाकीस इंजिनाच्या मंद चालींत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ३ व न जळालेलें इंधन दशलक्षांत १५०० भाग, अशी मर्यादा आहे. पैकीं दुसरा आंकडा फार वर गेला.

तेथील एका कारागिरानें डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरविला, आंकडा उतरला, दाखला मिळाला. आम्ही आनंदानें निघालों. परंतु ढोकीच्या अलीकडे चढावर गाडीचा जोर गेला व रेडिएटर उकळूं लागला.

कारण पुढें उमगलें. ठिणगी उशिरां पडली म्हणजे इंधन उशिरापर्यंत जळत राहतें, बाहेर पडणारा वायु अधिक तप्त होतो, त्यांत उरलेलें पेट्रोल नळींतच जळतें व आंकडा कमी दिसतो. पण जी उष्णता पिस्टन ढकलावयाची, ती पाण्यांत व धुरांत जाते. दफ्तरांत वसुली पुरी आणि तिजोरी रिकामी, असाच हा प्रकार! कार्बन मोनॉक्साइडचा संबंध तर मुख्यत्वें कार्बुरेटरमधील हवा-पेट्रोलच्या प्रमाणाशीं. तेथें डिस्ट्रिब्यूटर फिरवून लाभ नाहीं.

मूळ दोष निराळाच निघाला. पॉइंट जळून खडबडीत झाले होते. ठिणगी मधून मधून चुकत होती व तेवढें पेट्रोल तसेंच बाहेर पडत होतें. शिवाय पॉइंटाची टाच झिजली कीं फट कमी होते, पॉइंट उशिरां उघडतात व ठिणगीची वेळ आपोआप मागें पडते. ह्यास्तव आधीं पॉइंटांची फट पुस्तिकेप्रमाणें बसवावी, वेळ मागाहून. हा क्रम उलटा केल्यास श्रम फुकट.

वेळ बसविण्यास १२ व्होल्टचा साधा दिवा पुरतो. पहिला सिलिंडर दाबाच्या फेऱ्यावर असतां इंजिन हातानें, चालीच्याच दिशेनें, फिरवून खुणा जुळवाव्या. दिव्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकास व दुसरी गाडीच्या लोखंडास लावून किल्ली चालू करावी. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेनें फिरवून दिवा विझवावा, मग हळूहळू उलट न्यावा. दिवा ज्या क्षणीं लागेल, तेथेंच बोल्ट आवळावा. किल्ली फार वेळ चालू ठेवूं नये, कॉइल तापते.

यानंतर इंजिन पुरतें तापवून तपासणीच्या यंत्रासमोरच मिश्रणाचा स्क्रू लावून घेतला. दोन्ही आंकडे मर्यादेंत आले. परततांना चढावर पाणीहि उकळलें नाहीं. दाखला सहा महिन्यांचाच असतो. दिवाळीपूर्वीं पॉइंट पुन्हां उघडून पाहावयाचे आहेत.