ब्रँड नक्की कुणाचा? ट्रेडमार्कचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

भोर किंवा वेल्ह्यातल्या (राजगड) एखाद्या बचत गटाने इंद्रायणी तांदूळ पाकिटात भरून विकायचं ठरवलं, असं समजा. नाव ठरलं, लोगो झाला. आता ट्रेडमार्कच्या अर्जात मालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं? सोपं म्हणून अध्यक्षांचं नाव टाकलं, तर कागदोपत्री ब्रँड त्यांचाच होतो. उद्या त्या गटातून बाहेर पडल्या, तर बाकीच्या महिलांना आपल्याच पाकिटावरच्या नावासाठी भांडावं लागू शकतं.

व्यक्तीच्या नावावर घेतल्यास

धंदा बंद पडला तरी नाव मालकाकडे राहतं, पुढे वारसांकडे जातं. मात्र ते कंपनी वापरणार असेल, तर परवान्याचा लेखी करार हवा. एकट्याची प्रोप्रायटरशिप असेल, तर कायद्याच्या नजरेत दुकान आणि मालक एकच.

कंपनीच्या नावावर घेतल्यास

संचालक बदलले तरी ब्रँड कंपनीतच राहतो. पण संस्थापक बाहेर पडला, तर नाव सोबत नेता येत नाही. कंपनी बुडाली, तर देणी फेडायला ब्रँडही विकला जाऊ शकतो.

फीमध्ये फरक आहे का?

ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये लागतात. तांदूळ वर्ग ३० मध्ये येतो. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कंपनीलाही सवलत मिळते. त्यामुळे फक्त फी वाचवायला व्यक्तीचं नाव देण्याची गरज नाही.

किर्लोस्कर समूहात काय आहे?

'किर्लोस्कर' हे ट्रेडमार्क पुण्यातल्या किर्लोस्कर प्रोप्रायटरी या वेगळ्या कंपनीच्या नावावर आहेत. समूहातल्या कंपन्या ते करारानुसार वापरतात. तरीही नावाच्या वापरावरून समूहातलेच वाद कोर्टात गेले. म्हणजे मालकीइतक्याच कराराच्या अटीही स्पष्ट हव्यात.

मग गटाने काय करावं?

नोंदणी नसलेल्या गटाला कायद्यात स्वतंत्र अस्तित्व नसतं. किमान १० उत्पादक एकत्र आले, तर शेतकरी उत्पादक कंपनी काढून तिच्या नावावर अर्ज करता येतो. सहकारी संस्थेचाही पर्याय आहे.

आधीच व्यक्तीच्या नावावर नोंदणी झाली असेल, तर लेखी हस्तांतरण करून त्याची नोंद ट्रेडमार्क रजिस्ट्रीत करता येते. त्याला मालकाची सही लागते. म्हणून संबंध चांगले असतानाच हे काम उरकलेलं बरं.

लक्षात ठेवा : नोंदणी १० वर्षं टिकते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. 'इंद्रायणी' हे तांदळाच्या वाणाचं नाव आहे, त्यामुळे तांदळासाठी नुसत्या त्या शब्दावर हक्क सांगता येत नाही. नाव स्वतःचं, वेगळं निवडा.