छताखालची वीतभर जागा: घरातील डक्टेड वातानुकूलन

भिंतीवर टांगलेला स्प्लिट एसी ज्या खोलीतून हवा ओढतो त्याच खोलीत ती थंड करून परत सोडतो. डक्टेड पद्धतीत मात्र यंत्र छताआड एका जागी दडलेले असते आणि थंड केलेली हवा पत्र्याच्या चौकोनी वाहिन्यांतून, म्हणजे डक्टमधून, निरनिराळ्या खोल्यांतील जाळ्यांपर्यंत पोचवली जाते. नाट्यगृहे, बँका, रुग्णालये यांत फार पूर्वीच रुळलेली ही पद्धत आता मुंबई-पुण्याच्या सदनिकांत आणि बंगल्यांतही मागितली जाऊ लागली आहे, आणि त्या मागणीमागे गारव्यापेक्षा भिंत मोकळी दिसण्याचा मोह अधिक असतो, हे मान्य करायला हरकत नाही. खरेदीच्या वेळी सारी चर्चा यंत्र किती टनांचे घ्यावे याभोवती फिरते; पण या पद्धतीचे यशापयश ठरते ते हवेला जायला आणि परत यायला वाट कशी मिळाली यावरून.

टन हे येथे वजनाचे नव्हे, क्षमतेचे माप आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तितक्याच वेळात बाहेर फेकू शकणारे यंत्र एक टनाचे समजले जाते. आजच्या मापात ती क्षमता सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. प्रत्येक टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवावी लागते, म्हणून तीन टनांच्या यंत्राला १२०० घनफूट हवा लागेल आणि ती मिनिटाला ८०० फूट या बेताच्या वेगाने न्यायची तर मुख्य डक्टचा छेद दीड चौरस फूट, म्हणजे उदाहरणार्थ २४ इंच रुंद आणि ९ इंच उंच, ठेवावा लागेल. डक्ट याहून अरुंद केला तर हवेचा वेग वाढतो, वेगाबरोबर आवाज वाढतो आणि पंख्यावरचा ताणही वाढतो. रात्री शयनगृहात जाळीतून येणारी शिट्टीसारखी घरघर बहुधा अशाच काटकसरीची असते.

ही ९ इंचांची वीत कोठून आणायची हा आपल्याकडच्या घरांतला खरा पेच आहे. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत अनेक घरांवर लाकडी उतरते छप्पर असते आणि छताच्या वर त्याची मोकळी पोकळी मिळते, त्यामुळे तेथे जुन्या घरातही डक्ट फिरवणे तुलनेने सोपे जाते. काँक्रीटच्या स्लॅबला अशी पोकळी नसते. दहा फुटांचा मजला धरला, त्यातून पाच इंचांचा स्लॅब आणि तीन इंचांची फरशी वजा केली, तर हाती ९ फूट ४ इंच उंची उरते. डक्टचे ९ इंच, वरखालच्या उष्णतारोधक आवरणाचा प्रत्येकी एक इंच आणि टांगणी व जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे तीन इंच मिळून १४ इंच गेले की ८ फूट २ इंच राहतात. वातानुकूलित खोलीत जमिनीपासून डक्टच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या तळापर्यंत किमान २.४ मीटर, म्हणजे सुमारे ७ फूट १० इंच, उंची हवी असे २०१६ चा नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो; तेव्हा येथवर निभावते. पण वाटेत स्लॅबखाली १३ इंच उतरलेली तुळई आली आणि डक्ट तिच्याखालून न्यायचा ठरला, तर टांगणी कितीही आखूड केली तरी उंची सव्वासात फुटांवर येते आणि हिशेब फसतो.

अशा वेळी तुळईला भोक पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीवाचून मुळीच मानू नये, कारण कोअर कटिंगमध्ये आतील सळ्या कापल्या गेल्या की इमारतीची ताकद त्या जागी कायमची घटते. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये तर ताणलेली केबलच तुटण्याचा धोका असतो. म्हणून बांधून झालेल्या सदनिकेत बहुधा तडजोडच पत्करावी लागते: न्हाणीघरावरच्या माळ्यात किंवा बोळाच्या छतात छोटे युनिट बसवायचे, लगतच्या भिंतीतून आखूड डक्ट काढून हवा खोलीत सोडायची आणि उंचीची झळ अशा जागी सोसायची जिथे माणूस फार वेळ थांबत नाही. माळ्यावरच्या ट्रंका आणि गणपतीचे मखर यांना मग दुसरी जागा शोधावी लागते.

परतीच्या हवेकडे मात्र जुन्या आणि नव्या दोन्ही घरांत सारखेच दुर्लक्ष होते. खोलीत जेवढी हवा सोडली तेवढीच यंत्राकडे परत गेली पाहिजे, हा साधा नियम आहे. पण अनेकदा परतीची एकच जाळी दिवाणखान्यात बसवली जाते आणि शयनगृहांनी दाराखालच्या फटीवर भागवावे अशी अपेक्षा असते. अडीच फूट रुंद दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १५ चौरस इंचांची वाट झाली. तेवढ्या वाटेने मिनिटाला ४०० घनफूट हवा जायची तर तिला ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावावे लागेल. ती अर्थातच धावत नाही. दार लावताच खोलीत दाब चढतो, जाळीतून येणारी हवा मंदावते आणि मग यंत्र लहान पडले असा निष्कर्ष काढून अर्धा टन वाढवला जातो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खोलीला परतीची स्वतंत्र जाळी द्यावी, नाहीतर दारावर किंवा भिंतीत पुरेशी मोठी झडप ठेवावी. फॉल्स सीलिंगवरची पोकळीच परतीची वाट म्हणून वापरण्याची पळवाटही सर्रास दिसते. तीत स्लॅबची धूळ आणि नळांच्या भोकांतून येणारा न्हाणीघराचा वास यंत्रात ओढला जातो. स्वयंपाकघरातून हवा कधीच परत घेऊ नये, अन्यथा फोडणीचा तेलकट धूर थंड कॉइलवर जाऊन बसतो.

कोकणपट्टीत आणि मुंबईत प्रश्न उष्णतेइतकाच दमटपणाचा आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंश असतो. डक्टमधील हवा १४-१५ अंशांची असते. साहजिकच उघडा पत्रा घामेजतो आणि आवरणाचा सांधा जेथे जेथे सुटला असेल तेथे पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग उमटतात. यासाठी नायट्रिल रबरासारखे बाष्प न शिरू देणारे आवरण चांगले. काचलोकरीवरचा फॉइल फाटला की ती ओलावते आणि निकामी होते. यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले तर खोली झटपट थंड होऊन ते थांबते, हवेतील बाष्प काढायला त्याला सवडच मिळत नाही आणि खोलीत गार पण चिकट हवा राहते. कॉइलवर जमणारे पाणी तासाला काही लिटर असू शकते, म्हणून त्याच्या नळीला शंभर फुटांमागे निदान एक फूट उतार हवा. छत बंद करण्यापूर्वी ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतून ते कोठेही न तुंबता बाहेर पडते की नाही, हे मालकाने समोर उभे राहून पाहावे. ही चाचणी फुकट असते आणि तरीही क्वचितच केली जाते.

नव्या घरात यांतील बरेचसे कागदावरच सोडवता येते. तुळईतून वाहिनी न्यायचीच असेल तर इंजिनिअरने दाखवलेल्या ठिकाणी काँक्रीट ओतण्यापूर्वीच नळकांडे, म्हणजे स्लीव्ह, बसवता येते. आउटडोअर युनिटसाठी वारा खेळेल आणि कारागिराला उभे राहता येईल असा कट्टा ठेवता येतो. विजेचा मंजूर भारही आधीच ठरवता येतो. त्याआधी घरात उष्णता मुळात किती शिरते ते पाहणे शहाणपणाचे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या २०१८ च्या इको निवास संहितेने, थंड हवामानाचे प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या सरासरी उष्णतेवर चौरस मीटरला १५ वॅट ही मर्यादा घातली आहे; पश्चिमेला मजल्याइतकी उंच काच लावून मग टन वाढवत बसणे हे त्या विचाराच्या नेमके उलट आहे.

सगळ्या घराला एकच मोठे यंत्र आणि एकच तापमाननियंत्रक ही परदेशी मांडणी आपल्या सवयींशी फारशी जुळत नाही, कारण येथे बहुतेक कुटुंबांत एसी रात्री झोपण्याच्या खोलीपुरता लागतो. एका खोलीसाठी तीन टन फिरवण्यापेक्षा एकाच आउटडोअर युनिटला जोडलेली, प्रत्येक खोलीची स्वतंत्र छोटी डक्टेड युनिटे अधिक सोयीची ठरतात, मग सुरुवातीचा खर्च जास्त असला तरी.

राहिला ट्रॅपडोअर, म्हणजे युनिटखालची उघडझाप करणारी झडप. इंटिरिअर डिझायनरला ती नेहमी लहान हवी असते आणि कारागिराला मोठी. या वादात कारागिराचे ऐकावे. तीतून केवळ फिल्टर नव्हे, तर पंखा आणि मोटरही खाली उतरवता आली पाहिजे, नाहीतर मोटर जळेल त्या दिवशी आधी छत फोडावे लागते.