चांदीच्या सालीखालचे तांबे

सरावली-बोईसरच्या माणसाला नालासोपारा म्हणजे डहाणू लोकलच्या वाटेवरचे एक स्टेशन. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या बुरूड राजाच्या कोटात उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या पोटातून सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. हे सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर, ‘पेरिप्लस’ या जुन्या सागरी व्यापारग्रंथाच्या ग्रीक लेखकालाही ठाऊक होते. रोमन दिनार भडोचला देशी चलनात बदलले की नफा होतो, असे तो लिहितो. म्हणजे आलेले नाणे आतपर्यंत चांदीचे आहे की नाही, हे पारखणारी नजर या किनाऱ्यावर हवीच होती.

कारण रोममध्ये तांब्याच्या चकतीला चांदीचा पातळ पत्रा गुंडाळून, तापवून, वर ठसा मारलेले खोटे दिनार चालत. रोमन लेखक प्लिनी तर सांगतो की अशा एका खोट्या नाण्याचा नमुना मिळवायला लोक अनेक खरी नाणी मोजत! पुढे सरकारनेच तोच मार्ग धरला. सम्राट कॅराकॅलाने इसवी सन २१५ मध्ये काढलेल्या अंतोनिनियानस नाण्यामध्ये निम्मी चांदी होती. २७०च्या सुमारास ती जेमतेम दोन-चार टक्क्यांवर आली. बाकी सगळे तांबे, वर नुसती चकाकी.

पत्रा गुंडाळलेल्या नाण्याची ओळख कडेपासून सुरू करावी. भिंगाखाली कडेला पत्र्याचा जोड दिसतो. सम्राटाचे नाक, केस असे उंच भाग झिजून तांबूस झालेले असतात. चांदी भेदून हिरवे फोड वर येतात. वजनही खरे बोलते: चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६, म्हणून तेवढ्याच आकाराचे खोटे नाणे हलके भरते.

खरी कसोटी सफाईची. चांदीला चिकटलेले तांबे ओलाव्यात आधी गंजते आणि त्याचे क्षार फटींतून वर येऊन चांदीवर पसरतात. चिंच-लिंबाने तांब्याचा हंडा लखलखतो, म्हणून नाण्यालाही तेच लावणारे भेटतात. तसे केले की आम्ल फटींतून आत शिरते, गाभा खाते, आणि आधार गेलेली चांदी पापुद्र्यासारखी सुटते. हे नुकसान कधीच भरून येत नाही. जाणकार नाणे शुद्ध पाण्यात भिजत ठेवतात, पाणी बदलत राहतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या टोकदार काडीने एकेक कण उचलतात. चांदी दिसू लागली की हात थांबवणे, हेच माझ्या मते यातले सर्वांत अवघड कौशल्य.

नाण्याचा वरचा थर इतका का जपायचा? नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. तो ठसा आणि त्याखालचा नहपानाचा चेहरा दोन्ही वाचता आले, म्हणून सत्तापालट नाण्यांवरच उमगला. हा डोळा तयार करायचा तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय पाहावे.

आणि नांगराखाली, पायाच्या खोदकामात जुनी नाणी सापडलीच, तर ती धुऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तो मातीसकट तसाच ठेवून कळवावा.