सेवाकालाची पडताळणी : ढोकीच्या साखर-कामगाराच्या निमित्ताने

नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार आपल्या पूर्वीच्या नोकऱ्यांची यादी देतो, आणि नेमणूक करण्यापूर्वी नवा मालक ती यादी खरी की खोटी याची चौकशी करवितो. चौकशीचे प्रश्न मोजके असतात : मनुष्य त्या ठिकाणी खरोखर कामास होता काय, केव्हापासून केव्हापर्यंत होता, आणि कोणत्या हुद्द्यावर होता. तो कसा कामगार होता हा प्रश्न या तिहींहून वेगळा आहे. त्याचे उत्तर म्हणजे जुन्या वरिष्ठाचे मत होय, नोंद नव्हे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र नोंदींतून मिळतात. पण कोणतीही नोंद वाचण्यापूर्वी ती कोणी व कशासाठी केली हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर खरा मनुष्य खोटा ठरतो.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करता येईल. साखरेचा धंदा मुळातच हंगामी. ऊस तयार होतो तेव्हा, म्हणजे साधारणतः दिवाळीच्या सुमारास, गाळप सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. दुष्काळाच्या वर्षी ते त्याहूनही लवकर आटोपते, क्वचित सुरूच होत नाही. कारखान्यात काही कामगार बारमाही कायम असतात, काही ‘हंगामी कायम’, तर काही केवळ रोजंदारीवर. समजा, अशा कारखान्यात दहा हंगाम काम केलेला एखादा फिटर पुण्याच्या एखाद्या यंत्रनिर्मिती कारखान्यात अर्ज करतो आणि ‘दहा वर्षांचा अनुभव’ असे लिहितो. चौकशी करणाऱ्याच्या हाती हजेरीपटाचा उतारा येतो. त्यात दरवर्षी पाच-सहा महिन्यांचीच हजेरी दिसते. तो ‘सेवेत वारंवार खंड’ असा शेरा मारतो, अथवा उमेदवाराने अनुभव दुपटीने फुगवून सांगितला असे समजतो.

कायद्याची दृष्टी येथे निराळी आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी अधिनियमात वर्गणी ज्या वेतनावर आकारावयाची त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या जोडीला ‘रिटेनिंग अलाउन्स’चा स्पष्ट उल्लेख आहे. कारखाना बंद असण्याच्या काळात कामगाराची सेवा राखून ठेवण्यासाठी दिला जाणारा भत्ता, अशी त्याची व्याख्या करण्यात आली. म्हणून हंगामी कायम कामगाराच्या निधीच्या खात्यात पावसाळ्यातील महिन्यांपुढे लहानशी रक्कम दिसली तर ती वेतनकपात नव्हे. मालक-कामगार संबंध त्या महिन्यांतही तुटलेला नव्हता याचाच तो पुरावा होय. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेने तर याही पुढे जाऊन हंगामी आस्थापनेतील कामगाराची एका वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी असली तरी ती पूर्ण वर्ष धरावी असे ठरविले. तेव्हा निवृत्तिवेतनाच्या हिशेबात हा फिटर दहा वर्षांचा सेवक आहे, आणि प्रत्यक्ष यंत्रावर घालविलेल्या महिन्यांच्या हिशेबात पाच वर्षांचा. दोन्ही विधाने खरी आहेत. नव्या मालकास कोणता हिशेब हवा हे त्याने अर्जाच्या नमुन्यातच विचारावयास हवे. ते न विचारता उमेदवारास दोष देणे रास्त नाही.

निधीची नोंद हा आज पडताळणीचा सर्वांत भक्कम आधार समजला जातो, आणि बऱ्याच अंशी ते योग्यही आहे. अनुभवाचे प्रमाणपत्र कोणीही छापून घेऊ शकतो. पण दरमहा पैसा भरून वर्षानुवर्षे चालविलेले खाते मागाहून निर्माण करणे अवघड. २०१४ पासून प्रत्येक सदस्यास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागल्यामुळे निरनिराळ्या मालकांकडील सेवा एका ओळीत पाहता येते. तथापि या आधारालाही मर्यादा आहेत. सामान्यतः वीसहून कमी माणसे असलेली आस्थापने अनिवार्य निधीच्या कक्षेबाहेर राहत आली. विहित मर्यादेहून अधिक वेतनावर प्रथमच कामास लागलेला मनुष्य वगळला जाऊ शकतो. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार रुपये करण्यात आली. शिवाय नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर ती सदस्यास स्वतः भरण्याची सोय २०२० मध्ये झाली. अशी तारीख उमेदवाराचेच कथन असते, तिला स्वतंत्र साक्ष म्हणता येत नाही. शेवटची वर्गणी कोणत्या महिन्याची, हेच तेथे पाहावयाचे.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. मनुष्य रोज कारखान्याच्या दारातून आत जातो, कारखान्याच्याच बॉयलरवर वा केनयार्डात राबतो आणि विचारले असता ‘कारखान्यात होतो’ असे सांगतो. निधीच्या खात्यावर मात्र मालक म्हणून कंत्राटदाराचे नाव असते, आणि कारखान्याचे टाइम ऑफिस ‘हा आमचा कामगार नव्हे’ असे प्रामाणिकपणे कळविते. येथे असत्य कोणीच बोललेले नसते. उमेदवाराने कामाची जागा सांगितलेली असते, कार्यालयाने करारातील नाते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत काम संपताना कंत्राटदाराने सेवाप्रमाणपत्र द्यावे अशी तरतूद होती. ते प्रमाणपत्र जपून ठेवलेला कामगार विरळा.

याहून कठीण प्रसंग म्हणजे ज्याला विचारावयाचे तो मालकच गप्प असणे. ढोकीचा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला आणि पुढे भाडेपट्ट्याने दुसऱ्याच्या हाती गेला. भाडेपट्टेदारापाशी जुने हजेरीपट असतीलच असे नाही. सहकारी संस्था अवसायनात निघाली तर दप्तर अवसायकाच्या ताब्यात जाते. चौकशी करणाऱ्या संस्थेचे पत्र अशा ठिकाणी अनुत्तरित राहते. अहवालात वस्तुतः तीन रकाने असावे लागतात : पडताळणी झाली, विसंगती आढळली, आणि पडताळणी होऊ शकली नाही. तिसऱ्या रकान्यातील मनुष्यास दुसऱ्या रकान्यातील समजण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आहे. परिणाम असा की, कारखाना बुडाल्यामुळे एकदा नोकरी गमावलेला कामगार त्याच कारणाने दुसरी नोकरीही गमावतो.

वास्तविक गप्प मालकाभोवती बोलके साक्षीदार पुष्कळ असतात. कोणत्या वर्षी गाळप केव्हा सुरू झाले व केव्हा थांबले याची नोंद साखर आयुक्तालयाकडे असते. उमेदवाराने सांगितलेला हंगाम मुळात झाला होता काय, हे तीवरून कळते. कारखान्याच्या सेवकांची पतसंस्था असेल तर तिच्या खतावणीत दरमहाच्या पगारातून कापलेला हप्ता दिसतो. बँकेतील पगाराचे खाते आहेच. बॉयलर अटेंडंटने दिलेल्या सक्षमता-परीक्षेच्या अर्जासोबत त्या काळचा सेवेचा दाखला जोडलेला असतो. यांपैकी एकही नोंद नव्या मालकाची समजूत घालण्यासाठी केलेली नसते. तिचे मोल नेमके त्यामुळेच आहे.

ढोकीहून जवळच असलेल्या तेरचे उदाहरण येथे आठवते. ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर नगर म्हणजे हेच तेर, असे फ्लीटने १९०१ मध्ये प्रतिपादिले. त्यापूर्वी जुन्नर, दौलताबाद अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली होती. तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. म्हणजे मूळ साक्ष दिशेच्या बाबतीत काटेकोर नव्हती. तरीही परस्परांशी संबंध नसलेले पुरावे एका ठिकाणी जुळल्यामुळे हे मत मान्य झाले. कामगाराच्या स्मरणातील तारीख महिन्या-दोन महिन्यांनी चुकली तर तिच्याशीही इतक्याच उदारपणे वागावयास हरकत नसावी.

बनावट कागद नसतातच असे मात्र नाही. ज्या दिवशी संस्थेचे कार्यालय बंद होते त्या दिवसाची तारीख, हंगाम नसताना हंगामी कामावर दाखविलेली हजेरी, किंवा २०१२ सालच्या प्रमाणपत्राच्या छापील मथळ्यावर ‘जिल्हा धाराशिव’, अशा खुणांनी संशय यावा. जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये बदलले. पण धाराशिव हे नाव लोकांच्या तोंडी फार पूर्वीपासून होते आणि काही संस्थांनी ते आधीच धारण केले होते. म्हणून अशी खूण आढळली तर मूळ प्रत मागवावी, निकाल देऊ नये. मागाहून दिलेल्या दुय्यम प्रतीवर नवा मथळा येणे स्वाभाविक आहे.

या सर्व साधनांच्या पलीकडे उरते ती ऊसतोड. कारखान्याचा करार वाहतूक-ठेकेदाराशी वा मुकादमाशी होतो, उचल मुकादम देतो, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. पुरुषाचे नाव निदान मुकादमाच्या वहीत येते. त्याच फडात पंधरा हंगाम मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरलेल्या त्याच्या बायकोने पुढे एखाद्या शाळेत वा रुग्णालयात मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज केला, तर पूर्वानुभवाच्या रकान्यात तिने काय लिहावे ? हजेरीपट नाही, निधीचे खाते नाही, प्रमाणपत्र नाही. उरते ती मुकादमाची वही. आणि ती कोणी किती दिवस काम केले हे सांगण्यासाठी नव्हे, तर कोणाकडे किती उचल बाकी आहे हे सांगण्यासाठी लिहिलेली असते.