अडीच इंचांचं कडं

फरी-गदका हा आपल्या आखाड्यांतला जुना खेळ. फरी म्हणजे चामड्याची लहानशी गोल ढाल आणि गदका म्हणजे चामडं किंवा कापड चढवलेली साधारण मीटरभराची काठी. तलवारीचा हात बसवायचा तर आधी गदका, मग पातं. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचं प्रचंड काम केलं, त्यात लाठी, बोथाटी, बनेटीच्या शेजारी फरी-गदक्यालाही जागा आहे. शिकणाऱ्याच्या हातात मऊ शस्त्र द्यायचं, त्यानं एकमेकांवर खरोखर वार करायचे आणि दोघांनी धडधाकट घरी जायचं, ही सोय आपल्या वस्तादांनी केव्हाच करून ठेवली होती.

आज शिवकालीन युद्धकला पुन्हा जोमात आहे. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. २०२२ मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये आपल्या मल्लखांबाबरोबर पंजाबचा गतकाही होता आणि त्यातही काठी-फरीचीच झुंज असते. इकडे चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यात महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबं स्थिरावली आहेत. जवळच चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० साली किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो शाइस्ताखानाविरुद्ध छपन्न दिवस झुंजवला. इथल्या मुलांना तलवारीची ओढ वाटावी यात नवल नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवणारी आठ-दहा वर्षांची मुलगी पाहिली की माझाही ऊर भरून येतो.

पण फिरवणं वेगळं आणि झुंज वेगळी. प्रात्यक्षिकात सुरक्षितता अंतरावर आणि ठरलेल्या पवित्र्यांवर उभी असते. समोरच्याला काठी लागू नये, हेच तिथलं कसब. मुलं थोडी तयार झाली की त्यांना खरी चढाओढ हवी असते, आणि हवीच. त्या क्षणी सगळं उलटं होतं. आता काठी लागणं हाच गुण. मग ती काठी कशी असावी, हे मोजून ठरवावं लागतं. नुसतं ‘जपून रे पोरांनो’ म्हणून भागत नाही.

सगळ्यांत आधी डोळा. डोळ्याची खोबण साधारण चार सेंटिमीटर रुंद असते आणि आत अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेरचा नेत्रगोल. भोवतालचं हाड मजबूत असतं, पण ते वाचवतं फक्त खोबणीत न शिरणाऱ्या वस्तूपासून. म्हणून मऊ शस्त्रांच्या खेळात पहिला नियम टोकाच्या जाडीचा. अमेरिकेत १९७७ पासून चालणाऱ्या डॅगोरहिर या खेळात भोसकण्याचं टोक अडीच इंची कड्यासमोर धरतात. ते अर्ध्या इंचाहून जास्त आत गेलं, तर शस्त्र बाद. फोम दाबला जातो, म्हणून टोक डोळ्याहून थोडंसं मोठं असून चालत नाही, बरंच मोठं लागतं.

हा नियम वाचला तेव्हा मला निघोज्यातलं कुठलंही मशीन शॉप आठवलं. गो आणि नो-गो गेज इथल्या घराघरात माहीत आहे. भोकात गेलं तर पास, नाही गेलं तर रिजेक्ट, किंवा त्याच्या उलट. अडीच इंची कडं कुठलाही टर्नर जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून देईल. वर्गाच्या दाराशी ते दोरीला टांगलेलं असावं आणि प्रत्येक काठी त्यातून तपासूनच मैदानात जावी. वाद नाही, मर्जी नाही.

मग आतला गाभा. बांबू मोडतो तो उभा चिरत, आणि त्याची सळई सुरीसारखी धारदार होते. वेत मात्र तसा चिरत नाही. त्याचे तंतू पिंजून निघतात, पण सहसा टोकदार फाळ सुटत नाही. याच गुणामुळे १९६६ पासून चालणाऱ्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम या संस्थेत चिलखत घातलेले प्रौढ सव्वा इंची वेतानं लढतात. तिथं मुलांचे गट वेगळे आहेत, सहा ते नऊ, दहा ते तेरा आणि चौदा ते सतरा, आणि त्यांची शस्त्रं फोम चढवलेली. आपल्याकडे हाताशी येतो तो पीव्हीसी पाइप. तो हलका आणि स्वस्त असतो, पण उन्हात ठेवला की ठिसूळ होतो आणि फुटला की त्याची कड कापते. वापरायचाच तर दोन्ही टोकं बुचानं बंद हवीत आणि वरून चिकटपट्टीचा सलग थर हवा, म्हणजे तुटला तरी तुकडा उडणार नाही. लोखंडी गज किंवा जीआय पाइप फोमखाली दडवणं, याला माझ्या लेखी क्षमा नाही.

जपान्यांनी बांबू सोडला नाही, त्यांनी त्याला शिस्त लावली. केंडोची शिनाई चार पट्ट्यांची असते आणि प्रत्येक सरावाआधी तिच्यावरून हात फिरवून कूस निघाली आहे का ते बघतात. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी तिची लांबी जास्तीत जास्त ११४ सेंटिमीटर, पण वजन मात्र कमीत कमी, मुलग्यांना ४४० ग्रॅम आणि मुलींना ४०० ग्रॅम. कमीत कमी का? वेग वाढावा म्हणून पट्ट्या तासून पातळ केल्या, तर त्या चिरतात आणि मुखवट्याच्या गजांतून डोळ्यात जातात. हलकं म्हणजे सुरक्षित, हा आपला समज इथं थांबतो. शिवाय आघाताची ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. काठीचा वेग दुप्पट झाला तर मार चौपट.

फोमबद्दल एवढंच सांगतो. गादी-सोफ्यातला फोम कामाचा नाही. त्याची छिद्रं उघडी असतात, जोराचा वार बसला की तो तळापर्यंत चेपतो आणि आतली काठीच लागते. सुट्या भागांच्या पॅकिंगमधला पांढरा ईपीई फोम बंद बुडबुड्यांचा असतो, तो खरा उपयोगी. मात्र तोही मार खाऊन थकतो. अंगठ्यानं दाबल्यावर आतला गाभा जाणवला की आवरण बदलायची वेळ झाली. आणि वस्तादानं प्रत्येक नवी काठी पूर्ण ताकदीनं आधी स्वतःच्या मांडीवर मारून घ्यावी. ज्याला ते जमत नाही त्यानं ती मुलाच्या अंगावर चालवू देऊ नये.

डोक्याचं काय? हाताशी असतं म्हणून बरेच जण क्रिकेटचं हेल्मेट घालतात. त्या हेल्मेटचं बीएस ७९२८ हे २०१३ चं ब्रिटिश मानक चेंडू जाळीतून आत जाऊ नये याची परीक्षा घेतं, त्यातही लहान मुलांच्या चेंडूसाठी वेगळी. पण जी फट चेंडूला अडवते ती काठीच्या टोकाला वाट देते. तलवारबाजीचा मुखवटा बारीक जाळीचा असतो, तो डोळा वाचवेल, पण तो हलक्या पात्यासाठी आहे, जड काठीच्या माथ्यावरच्या वारासाठी नाही. म्हणून डोकं हे लक्ष्यच नको. गुण खांद्याखाली, आणि माथ्यावर वार केला तर मारणाऱ्याचे गुण वजा.

तलवारबाजीतला १९८० चा ऑलिम्पिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत खेळत असताना प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि मुखवट्याची जाळी भेदून आत घुसलं. काही दिवसांत तो गेला. त्यानंतर पात्याचं पोलाद, जाळी, कपडे, सगळ्यांचे निकष कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय सामन्यातला अंगरखा ८०० न्यूटनचा, म्हणजे ढोबळमानानं ऐंशी किलो भाराचा, वेध सोसणारा लागतो आणि गळ्याखालची झालर १६०० न्यूटनची. एवढा तरबेज खेळाडू गमावल्यावर हे आकडे आले. आपल्याला ते आधीच लिहिता येतील, कारण लिहायचं काय ते आता माहीत आहे.

जत्रेतल्या फोमच्या तलवारीवर विसंबू नये. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यात टोकं-कडांची तपासणीही येते. पण ती तपासणी खेळण्याची. समोरासमोर ताकदीनं वार करण्यासाठी ती वस्तू बनलेलीच नसते.

राहिला प्रश्न मार बसल्यानंतरचा. हेल्मेट कवटी वाचवतं, पण मेंदूला बसणारा हिसका पूर्ण थांबवत नाही. डोक्याला फटका बसून मूल गोंधळलं, डोकं धरून बसलं, उलटी झाली, तोल गेला, तर त्या दिवसाचा खेळ संपला, मग अंतिम सामना का असेना. उलट्या थांबत नाहीत, गुंगी वाढते, शुद्ध जाते, तर वाट न बघता थेट दवाखाना. पुन्हा मैदानात यायचं ते डॉक्टरांच्या परवानगीनं आणि पायरीपायरीनं, आधी चालणं-पळणं, मग एकट्यानं हात फिरवणं, झुंज सगळ्यांत शेवटी. खेळ थांबवायचा का, हे ठरवण्याचा अधिकार वस्ताद आणि त्या मुलाचे पालक या दोघांनाही नको. मैदानात एक तिसरं माणूस नेमावं, आणि कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला पालक इथं प्रत्येक गल्लीत सापडेल.