पाच वाजून एकोणतीस मिनिटं, साठ सेकंद

१ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारतीय घड्याळात एरवी कधीच न येणारी वेळ आली: ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद. एकोणसाठाव्या सेकंदानंतर थेट साडेपाच व्हायचे, त्याआधी एक सेकंद जास्तीचा घालण्यात आला. हा लीप सेकंद जगभर एकाच क्षणी, ग्रिनिचच्या मध्यरात्री घालतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे तो पहाटे पडतो. १ जानेवारीला भंडाऱ्यात तेव्हा काळोख असतो. तो १ जुलैला पडला, तर मात्र सूर्य उगवायला जेमतेम तीन-चार मिनिटं उरलेली असतात. १९७२ पासून घातलेल्या २७ लीप सेकंदांपैकी ११ असे जुलैच्या पहाटेचे होते. २०१७ नंतर एकही घालावा लागलेला नाही.

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूवर ठरते: त्याच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. ही लांबी जुन्या खगोलीय सेकंदाशी जुळवून घेतली होती आणि तो सेकंद साधारण १८२० च्या सुमाराच्या दिवसमानाचा होता. तेव्हापासून चंद्राच्या भरती-ओहोटीने पृथ्वी थोडी मंदावली आहे. अणूचं घड्याळ पुढे जातं, पृथ्वी मागे राहते. दोघांतलं अंतर ०.९ सेकंदाच्या आत ठेवायचं, हा नियम. पॅरिसमधली पृथ्वीच्या परिवलनावर नजर ठेवणारी संस्था सुमारे सहा महिने आधी पुढचा लीप सेकंद जाहीर करते. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतली सीझियम घड्याळं सांभाळतात. शासकीय सर्व्हर आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपली घड्याळं याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरशी जुळवावीत, असा केंद्राचा २०२२ चा आदेश आहे.

संगणकाला मात्र साठावा सेकंद ठाऊकच नसतो. बहुतेक यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि त्यांच्या हिशेबात दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद, एकही जास्त नाही. त्यामुळे लीप सेकंदाला यंत्र तोच आकडा दोनदा मोजतं, म्हणजेच क्षणभर मागे जातं. तुमसरच्या बाजार समितीत विकलेल्या धानाचे पैसे खात्यात जमा झाले आणि लगेच त्यातून कुणाचं देणं चुकतं केलं, अशा दोन नोंदी त्या क्षणी पडल्या, तर नंतरची नोंद आधीची दिसू शकते. १ जुलै २०१२ ला रविवारच्या पहाटे लिनक्स प्रणालीतल्या एका चुकीमुळे असंख्य सर्व्हर पूर्ण ताकदीने नुसते फिरत राहिले; ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीची प्रवासी नोंदणी कोलमडली आणि विमानं रखडली. गूगलने वेगळी वाट काढली आहे. ती कंपनी जास्तीचा सेकंद चोवीस तासांत कणाकणाने पसरते. उपाय हुशारीचा आहे, पण त्या दिवशी तिची घड्याळं प्रमाणवेळेपासून अर्ध्या सेकंदापर्यंत ढळतात. सगळ्यांनी एकच वेळ पाळायची तर प्रत्येक कंपनीने आपापली तडजोड करून कसं चालेल?

एका सेकंदासाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न भंडाऱ्यातून विचारला तर फारच रास्त वाटतो. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, भंडारा सुमारे ७९.६५ अंशांवर. म्हणजे इथली सरासरी मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सव्वाअकरा-साडेअकरा मिनिटांनी होते. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभरात तीही मागेपुढे होते. मेअखेर सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, तेव्हा घड्याळात बारा वाजून आठेक मिनिटं झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यात मध्यान्हीला बारा पंचवीस होतात, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराला पाच कमी असतानाच मध्यान्ह होते. हे अंतर आपण निमूटपणे स्वीकारलेलं आहे. पण ते बांधलेलं आहे, दरवर्षी त्याच तारखांना परत येतं. लीप सेकंद ज्याला आवर घालतो ते अंतर साचत जातं.

ते किती साचेल, हे आधी सांगता येत नाही. फुगडीत अंग आत घेतलं की वेग वाढतो, बाहेर झुकलं की मंदावतो. पृथ्वीवरचं पाणी आणि बर्फ हलतं तेव्हाही तसंच होतं. नासाचे बेंजामिन चाओ यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की, जगातल्या मोठ्या जलाशयांनी मिळून दिवस किंचित लहान केला आहे, कारण त्यांतले बरेचसे उत्तरेकडे, पृथ्वीच्या आसाला जवळ आहेत. पवनी तालुक्यातल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं गणित उलटं पडतं. सुमारे २१ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून दोनशेहून अधिक मीटर उंचीवर अडवलेलं हे पाणी समुद्राच्या सरासरी पाण्यापेक्षा आसापासून दूर आहे. पूर्ण साठा ११४६ दशलक्ष घनमीटर धरून मी ढोबळ हिशेब मांडला, तेव्हा या धरणाने दिवस सेकंदाच्या काही अब्जांशांनी लांबतो असं उत्तर आलं. या पाण्याखाली ज्यांची गावं आणि शेतं गेली, त्यांनी मोजलेली किंमत कुठल्याही घड्याळात मावणारी नाही, हे इथे लिहायलाच हवं. ध्रुवांवरचं वितळणारं बर्फही विषुववृत्ताकडे पसरून पृथ्वीला मंदावतं. उलट पृथ्वीचा द्रवरूप गाभा मंदावत असल्याने बाहेरचं कवच वेग घेत आहे. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांहून सुमारे १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. कॅलिफोर्नियातले डंकन अॅग्न्यू यांनी २०२४ मध्येच मांडलं की, २०२९ च्या सुमारास एक सेकंद गाळावा लागेल. बर्फ वितळलं नसतं, तर ही वेळ त्याआधीच आली असती. घालण्याचा अनुभव २७ वेळांचा आहे, गाळण्याचा एकदाचाही नाही.

गणित आकाशाशी किती जुळवून ठेवायचं, हा वाद मराठी माणसाला नवा वाटू नये. नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ ग्रंथ पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं वापरला आणि हळूहळू गणित व आकाश यांत फरक पडत गेला. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आकाशाशी जुळणारं पंचांग काढलं. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी त्याच दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणित आकाशाशी जुळण्याचा, आग्रह धरला. सणांच्या तारखा हलतील म्हणून विरोधही झाला. पण अधिक महिन्याची पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, तो फरक साचू देतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना घालतात. तो कधी येणार, हे कितीतरी वर्षं आधी सांगता येतं.

वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ठरवलं आहे की, २०३५ पर्यंत ही ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवायची; नवी मर्यादा किती, याचा प्रस्ताव २०२६ च्या परिषदेपुढे ठेवायचा. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण एका अटीवर: दुरुस्ती रद्द होता कामा नये. मिनिटभर साचू द्या, त्याला पन्नास-शंभर वर्षं लागतील. पण ते मिनिट कोणत्या नियमाने आणि किती वर्षांची आगाऊ सूचना देऊन घालायचं, हे आजच लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक नव्या प्रणालीत त्याची तजवीज आणि चाचणी सुरुवातीपासूनच होईल.