पाहुण्यांना काय दाखवायचं?

मे महिन्यात कोकणात मुंबईचे पाहुणे येतात. आमच्याकडे जर्मनीत मात्र थेट कोकणातलेच पाहुणे येतात. २०२५ च्या मे अखेरीस दापोलीहून आमचा शाळेपासूनचा दोस्त, भाबी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी असे तिघं आले. बागेतला बहुतेक आंबा उतरवून झाला होता आणि बकरी ईदला घरी परत पोहोचायचं होतं. हातात दिवस होते नऊ. सामानात आंबापोळी, कोकम, तांदळाचं पीठ आणि आमच्या अम्मीनं दिलेली एक मोठी पिशवी.

पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यापुढचं सारं सदका, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे नऊही दिवस आनंदाचे होते. तरी मनात एक धाकधूक होती. ती का, ते पुढे येईलच.

आम्ही मानहाइमला राहतो. ऱ्हाइन आणि नेकार या दोन नद्या इथे मिळतात. गावाच्या मध्यभागी रस्त्यांना नावं नाहीत. चौकोनी वस्त्या आहेत आणि त्यांना अक्षर व आकडा, क्यू ७, जी २ असा. भाबी म्हणाल्या, "हा पत्ता आहे की एसटीचा सीट नंबर?" कार्ल बेंझनं आपली मोटार याच शहरात १८८६ साली तयार केली. पण भाबींना आवडली ती त्याच्या बायकोची गोष्ट. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी हाकत माहेरी फोर्त्सहाइमला निघाली, शंभर किलोमीटरवर. वाटेत इंधन संपलं तेव्हा विसलोख गावात औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटार खरंच चालते हे जगाला त्या बाईनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हायडेलबर्ग. लोकल गाडीनं जेमतेम वीस मिनिटं. सगळे किल्ला बघायला जातात, आम्हीही गेलो. पण आधी नेकारच्या काठानं चालत इक्बाल उफरला गेलो. उफर म्हणजे काठ. अल्लामा इक्बाल १९०७ साली इथे जर्मन शिकायला राहिले होते आणि डॉक्टरेट त्यांनी म्युनिकच्या विद्यापीठातून घेतली. या नदीच्या संध्याकाळवर त्यांची नज्म आहे, 'एक शाम'. दोस्त उर्दू शाळेत शिकलेला. नदीकडे बघत बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "हा माणूस परका मुलूख, परकी जबान, तरी शिकला ना? माझा मुलगा का नाही शिकणार?"

तिथे आम्हाला कळलं की ही नुसती सहल नाही. दोस्ताचा थोरला मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं, त्यासाठी बागेचा एक तुकडा विकायचा, की नाही पाठवायचं, हे ठरवायला तो आला होता. "तुम्ही आहात ना इथे, तुमचं बघूनच ठरवणार," तो म्हणाला. आमच्या पोटात गोळा आला.

गावी सगळ्यांना माहीत आहे की आमच्या घरचा कर्ता इंजिनिअर म्हणून मोठ्या कंपनीत आहे. ते खरं होतं, दीड वर्षापूर्वीपर्यंत. मग कंपनीनं माणसं कमी केली. काही महिने बेकारीच्या भत्त्यावर गेले. अर्ज करून करून थकलो. सध्या शहराबाहेरच्या एका गोदामात रात्रपाळीत पार्सलं लावण्याचं काम चालू आहे. हलाल कमाई आहे, अलहमदुलिल्लाह. पण गावी सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून नऊ दिवसांची रजा टाकली होती आणि घर छान आवरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी श्वेत्सिंगेनची बाग. १८ व्या शतकात इथल्या राजानं, कार्ल टेओडोरनं, आपल्या बागेत एक मशीद बांधून घेतली. घुमट आहे, दोन मीनार आहेत, भिंतीवर अरबी अक्षरं आहेत. नमाजसाठी नव्हे, बागेची शोभा म्हणून. मुलीनं विचारलं, "मग ही खोटी मशीद आहे का, चाची?" आम्ही म्हणालो, "दाखवायची आहे, बेटा." आणि बोलता बोलता स्वतःच चपापलो.

पुढे कोलोन. महिन्याचं तिकीट (२०२५ मध्ये ते ५८ युरोचं होतं) काढलं की देशभर साध्या गाड्यांनी हिंडता येतं, जलद गाडी तेवढी चालत नाही. साध्या गाडीला वेळ लागतो, पण माइन्झ ते कोब्लेन्झ ऱ्हाइनच्या काठानं जाताना एकामागून एक किल्ले दिसतात, तेव्हा वेळ लागलेलाच बरा. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल. बांधायला सुरुवात १२४८ ला, पूर्ण झालं १८८० ला. उंची १५७ मीटर. महायुद्धात चौदा बॉम्ब पडूनही उभं राहिलं. दोस्त ५३३ पायऱ्या चढून आला आणि नंतर दोन दिवस गुडघे धरून बसला.

जोहरची नमाज एरेनफेल्ड भागातल्या मध्यवर्ती मशिदीत अदा केली. काँक्रीट आणि काचेचा घुमट, कळीच्या पाकळ्या उलगडाव्यात तसा. ५५ मीटरचे मीनार. तिचा वास्तुशिल्पी पाउल ब्योम ख्रिस्ती आणि त्याचं घराणं चर्चं बांधणारं. ती बांधताना शहरात विरोधही बराच झाला. २०२२ पासून जुम्याची अजान मर्यादित आवाजात भोंग्यावरून देता येते. भाबींनीही तिथे निवांत नमाज पढली. म्हणाल्या, "इथे कोणी आपल्याला पाहुणं समजत नाही."

मशिदीतून परतताना फुटपाथवर मुलीला पितळेचा छोटा चौकोन दिसला, दहा सेंटिमीटरचा, त्यावर एक नाव आणि साल. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंतानं हे काम १९९२ मध्ये याच शहरातून सुरू केलं. नाझींनी ज्यांना मारलं किंवा हाकललं, त्यांच्या शेवटच्या घरासमोर हा दगड बसवतात. नाव वाचायचं तर मान खाली घालावी लागते. २०२३ पर्यंत असे एक लाख दगड बसले. मुलगी मग दर रस्त्यावर तेच शोधत राहिली.

स्टेशनवर एक म्हातारी कचऱ्याच्या डब्यातून रिकाम्या बाटल्या काढत होती. इथे प्लास्टिकची बाटली दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात. दोस्त चकित झाला. "इथेही गरीब आहेत?" आम्ही म्हणालो, "आहेत." पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटी वायमार. तिथल्या बागेजवळ ग्रॅनाइटच्या एकाच शिळेतून कापलेल्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आहेत, एक गोएथेची, दुसरी शिराझच्या हाफिजची. हाफिज वाचूनच गोएथेनं आपला 'दीवान' लिहिला, १८१९ मध्ये छापला. दोस्तानं एका खुर्चीवर, भाबींनी दुसऱ्या खुर्चीवर बसून फोटो काढले.

दुसऱ्या सकाळी आमच्यापैकी एकजण मुलीला घेऊन बागेत थांबला आणि बाकीचे सहा नंबरच्या बसनं बुखेनवाल्डला गेले. गावापासून काही किलोमीटरवर टेकडीत ही छळछावणी होती, १९३७ ते १९४५. छप्पन्न हजारांहून जास्त माणसं मेली. फाटकावरचं घड्याळ सव्वातीनला थांबलेलं आहे, ११ एप्रिल १९४५ ला कैदी सुटले ती वेळ. फाटकावरची अक्षरं आतून वाचता यावीत अशी बसवली आहेत, म्हणजे कैद्यांना रोज दिसावीत. छावणी सुटल्यावर अमेरिकन सैन्यानं वायमारच्या हजारेक नागरिकांना चालत इथे आणलं आणि डोळ्यांनी बघायला लावलं. आज जर्मन शाळांची मुलं वर्ग करून येतात. तिकीट नाही.

परतीच्या गाडीत दोस्त म्हणाला, "कमाल आहे यांची. आपल्या घरातली लाज कोणी पाहुण्याला दाखवतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. या लोकांचं पाप आणि आमची अडचण यांची तुलनाच नाही. पण लपवून ठेवण्याचा खर्च मात्र दुसऱ्यालाच भरावा लागतो. इथे तो दोस्ताच्या मुलाला भरावा लागणार होता.

त्या दिवसांत मगरिब सव्वानऊनंतर होते. नमाज झाली, दस्तरखान घातलं, तांदळाची भाकरी आणि सुक्याचं कालवण होतं. जेवण झाल्यावर आम्ही सगळं सांगितलं. नोकरी, भत्ता, गोदाम, पगाराचा आकडा, घरभाड्याचा आकडा.

भाबी म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी दारामागे ते चमकत्या पट्ट्याचं जाकीट बघितलं मी. यांनाही सांगितलं नाही. यजमानाची लाज झाकणं हेही पाहुण्याचंच काम ना?"

दोस्त उठून जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे भाई, हे फोनवर सांगायला काय झालं होतं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

मग रात्री एक वाजेपर्यंत मुलाचा हिशोब मांडला. वाचकांपैकी कोणाच्या घरी हाच विचार चालू असेल, म्हणून तो इथे देतो. व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी भरणं, २०२५ च्या दरानं साधारण साडेअकरा लाख रुपये. ते आपलेच असतात, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे हाती येतात. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना फी जवळजवळ नाही, पण आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो पडतात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यावर सगळा खर्च निघेल असं धरून चालू नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट भाषा. शिक्षण इंग्रजीत मिळेल, पण नोकरी जर्मन बोलणाऱ्याला आधी मिळते. नोकरी गेल्यावर आमची अडचण झाली ती इथेच. कंपनीत सगळं इंग्रजीत चालायचं, म्हणून दहा वर्षांत आम्ही जर्मन अर्धवटच शिकलो. आता रोज दुपारी वर्गाला जातो.

दोस्तानं सगळं वहीत उतरवून घेतलं. बाग विकायची नाही, मुलानं आधी वर्षभर जर्मन शिकायचं, तोवर घरात पैसा जमवायचा, मग बघायचं, इतकं त्या रात्री ठरलं. मुलगा यावर नाराज झाला, असं नंतर कळलं. तो शेवटी येईल की नाही, अल्लाहला माहीत. आला तर त्याला उतरवून घ्यायला आम्ही स्टेशनवर असूच, इन्शाअल्लाह.

निघायच्या आदल्या दिवशी दोस्त म्हणाला, "आता एकच जागा राहिली. तुझं गोदाम दाखव." आम्ही बसनं गेलो. आत जायची परवानगी नव्हती. फाटकाबाहेर उभे राहिलो. ट्रक येत-जात होते. रात्रपाळीचा एक सोबती, तुर्की माणूस, सायकलवरून उतरला, सलाम केला आणि मुलीच्या हातात चॉकलेट ठेवलं. दोस्तानं तिथेही फोटो काढला, सगळ्यांना उभं करून.

गावी अम्मीला आम्ही त्याच रात्री फोन केला. ती रडली, मग विचारलं, "रात्री थंडी असते का रे तिथे?" पुढच्या पाहुण्यांच्या सामानात तिनं लोकरीचे हातमोजे पाठवले आहेत.